स्टुडिओतली केरसुणी आधी बाहेर काढा

वाचकाचं पत्र

"जुळे सोलापुरात घराखालच्या पार्किंगमध्ये दहा बाय चौदाची खोली काढून दोन वर्षांपूर्वी पॉटरी स्टुडिओ सुरू केला. दोन चाकं आहेत आणि ६ किलोवॉटची विजेची भट्टी आहे. रविवारी आठ मुलांचा वर्ग असतो. माझा चार वर्षांचा मुलगाही तिथेच लुडबुडत असतो. रोज संध्याकाळी खोली स्वच्छ झाडून घेते. ग्लेझचा, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाचा, कच्चा माल एका व्यापाऱ्याकडून येतो. काही पिशव्यांवर नाव हातानं लिहिलेलं असतं, काहींवर तेही नसतं. एका जुन्या कृतीसाठी त्यानं 'शेंदरी पावडर' आणि 'बी.सी.' अशा दोन पिशव्या दिल्या. शेंदरी पावडर तीन महिने वापरतेय, चकाकी फार सुंदर येते. त्याच ग्लेझमध्ये लोणच्याच्या बरण्या करायचा विचार आहे. भट्टी लावली की डोळे चुरचुरतात, सकाळी कोरडा खोकला येतो. सासूबाई म्हणतात, कुंभार वेशीत पिढ्यान्‌पिढ्या लोक मातीत हात घालतात, मातीनं कधी कुणी आजारी पडतं का? मी कापडी मास्क लावते, तेवढं पुरे का? मुलांनाही मास्क आणायला सांगू का?"

उत्तर

ताई, बाकीचं निवांत वाचा, पण दोन कामं आजच करा. शेंदरी पावडर आणि 'बी.सी.' या दोन्ही पिशव्या न उघडता, न झटकता घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डब्यावर मार्करनं 'विषारी' लिहा आणि मुलाचा हात पोचणार नाही अशा कपाटात कुलपात टाका. दुसरं काम म्हणजे स्टुडिओतली केरसुणी बाहेर काढा आणि पुन्हा आत आणू नका.

यातली घाई पहिल्या कामाची आहे. पण पुढच्या वीस वर्षांचा विचार केला तर दुसरं काम मोठं आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

तुमच्या स्टोनवेअरच्या, म्हणजे मोठ्या आचेवर भाजायच्या, मातीत मोकळी सिलिका असते, गारगोटी ज्याची बनते तेच द्रव्य. चिनी माती आणि फेल्डस्पारमध्ये ती थोडीफार असते, आणि ग्लेझमध्ये तर आपण गारगोटीची भुकटी वेगळी घालतो. बाजारात ती २०० किंवा ३०० मेशची मिळते, म्हणजे साधारण ७५ किंवा ५० मायक्रॉनच्या जाळीतून गाळलेली. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. चाकाच्या कडेवर पांढरी साय धरते ती ही जाड धूळ. ती नाकातच अडकते, शिंकेबरोबर बाहेर पडते. तिच्याच सोबतची ५ मायक्रॉनहून बारीक धूळ मात्र फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. स्थिर हवेत ती तासन्‌तास तरंगते. आत गेलेला कण शरीराला विरघळवता येत नाही. त्याला गिळणाऱ्या पेशी मरतात, त्या जागी व्रण पडतो, आणि फुप्फुस हळूहळू घट्ट होत जातं. हा सिलिकोसिस. बहुधा दहा-वीस वर्षांनी दिसतो, बरा होत नाही, धूळ थांबल्यावरही पुढे सरकू शकतो. सिलिकोसिस झालेल्याला क्षयाचा धोकाही जास्त असतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमात हा अधिसूचित, म्हणजे सरकारला कळवायलाच हव्या अशा, आजारांच्या यादीत होता, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९७ साली स्फटिकी सिलिकेची धूळ कर्करोगकारक ठरवली.

किती धूळ म्हणजे जास्त? अमेरिकेत कामगारांसाठी आठ तासांच्या सरासरीची मर्यादा आहे दर घनमीटर हवेला ०.०५ मिलिग्रॅम. तुमची खोली दहा बाय चौदा, उंची दहा फूट धरली तर हवा होते सुमारे ४० घनमीटर. म्हणजे या बारीक सिलिकेचे अवघे २ मिलिग्रॅम हवेत तरंगत राहिले की खोली मर्यादेला पोचली. वरणात टाकायची मिठाची चिमूट यापेक्षा शंभरपटींहून जड असते. केरसुणीचा एक फटकारा काय करत असेल याचा अंदाज यावरून करा. यंत्रमागावर काम करणाऱ्याच्या भुवयांवर कापूस बसलेला आपल्याला निदान दिसतो तरी. इथे खोली चकाचक झाडली गेली आणि सगळी बारीक धूळ छातीच्या उंचीवर आली, असं रोज संध्याकाळी होत असणार.

बघायचं असेल तर रात्री दिवे मालवून एक टॉर्च लावा. तिचा झोत आडवा ठेवा, दिवा स्वतःच्या डोळ्यांआड राहील असं पुठ्ठ्यानं झाका आणि झोताच्या दिशेनं बघा. झरोक्यातून आलेल्या उन्हात कण नाचतात तसे दिसतील. कोरड्या ॲप्रनवर एकदा थाप मारून पुन्हा बघा. घरातल्या शंकेखोर मंडळींना हा प्रयोग जरूर दाखवा.

सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नका, त्यात अर्धं खरं आहे. कुंभाराचं काम उघड्यावर किंवा ओसरीत, माती बहुतेक वेळ ओली, भट्टी घराबाहेर. कारखान्यात दळून पिशवीत भरलेली गारगोटी त्यांच्या कामात नव्हती. बेरियम, मँगनीज, कोबाल्ट नव्हते. तुम्ही तोच धंदा बंद खोलीत आणला आणि त्यात दळलेली खनिजं घातली, एवढा फरक आहे. शिवाय कोरडी माती कुटताना आणि भट्टीच्या धुरात त्यांच्या छातीला त्रास झालाच नाही, असंही समजू नये. खोकला आला तर कोण त्याला मातीचा खोकला म्हणणार?

पाणी कमी, तरी सगळं ओलं

नियम एकच आहे: वाळलेल्या मातीला कोरडं असताना हलवायचं नाही. झाडणं, झटकणं, घासणं, फुंकर मारणं, सगळं बंद. घरचा साधा व्हॅक्यूम क्लीनर तर केरसुणीहून वाईट. जाड धूळ पिशवीत ठेवतो आणि बारीक धूळ मागच्या झरोक्यातून हवेत सोडतो. घ्यायचाच असेल तर बारीक धूळही अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा घ्या, नाहीतर घेऊ नका.

सोलापुरात नळाला रोज पाणी नसतं, तेव्हा 'रोज खोली धुवा' हा सल्ला पुस्तकातच शोभतो. तुमच्या खोलीला रोज एक १० लिटरची बादली पुरते. आधी फवारणीच्या बाटलीनं फरशी आणि टेबल ओलसर करा, पाच मिनिटं थांबा, रबरी वायपरनं चिखल एका कोपऱ्यात ओढा, पत्र्याच्या सुपलीनं उचला आणि मग ओल्या फडक्यानं पुसा. फडक्यांसाठी आपल्याकडे टॉवेलला काय तोटा! जुने टेरी टॉवेल या कामाला उत्तम, माती धरून ठेवतात. मात्र तोच टॉवेल मातीसकट वाळला आणि सकाळी दोरीवरून ओढून झटकला, तर आदल्या दिवसाची सगळी मेहनत हवेत. टॉवेल ओला असतानाच बादलीत खळबळून मग वाळत घालायचा.

हात आणि हत्यारं धुवायला तीन बादल्या ओळीनं ठेवा. पहिलीत चिखल निघतो, दुसरीत उरलेला, तिसरीत स्वच्छ. रात्रभरात माती तळाशी बसते. सकाळी वरचं निवळ पाणी हलक्या हातानं मगानं काढून पुसायला किंवा माती भिजवायला वापरा. तळाचा गाळ पुन्हा मातीच्या पिंपात टाका. निम्म्याहून जास्त पाणी असं परत मिळतं आणि मोरीची नळीही तुंबत नाही. ग्लेझच्या हत्यारांसाठी मात्र वेगळी बादली, कारण त्या गाळात धातूंची ऑक्साइडं असतात. तो गाळ गटारात ओतू नका. वाळवून, कच्च्या भांड्यात घालून पुढच्या भट्टीत भाजला की घट्ट काच होते. शेंदरी पावडर लागलेला गाळ यात धरू नका, त्याचं पुढे बघू.

कच्ची भांडी सँडपेपरनं घासणं हे स्टुडिओतलं सर्वांत घाणेरडं काम. भांडं चामड्याइतकं घट्ट असतानाच कडा स्पंजानं गुळगुळीत करा. भाजल्यावर घासायचंच तर भांडं पाण्यात बुडवून वॉटर पेपरनं. माती मळायच्या टेबलावर कॅनव्हास ठोकला असेल तर तो काढा. मळताना प्रत्येक आपटीला त्याच्या विणीतून धूळ उडते. त्या जागी प्लास्टरची लादी किंवा सिमेंट शीट बसवा, पुसता येते. ॲप्रन सुती नको, रेक्झिनचा घ्या, तोही रोज पुसून तिथेच टांगा. तो घालून वर स्वयंपाकघरात जाणं बंद.

आता कूलरचं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या घरात असताना बंद खोलीत बिनकूलरचं काम होत नाही, हे कबूल. पण मोठ्या पंख्याचा कूलर मातीच्या टेबलाकडे तोंड करून लावला असेल तर तो केरसुणीचं काम दिवसभर करतो. भुकटी मोजताना आणि कालवताना कूलर आणि छताचा पंखा दोन्ही बंद ठेवा. ते काम सकाळी सहा-सातला उरकून घ्या. एरवी कूलर दारात असा लावा की हवा तुमच्या पाठीकडून येईल आणि समोरच्या भिंतीतल्या एक्झॉस्टनं बाहेर जाईल. फडताळांवर मातीचा थर असेल तर आधी तो पुसा, मग कूलर चालू करा.

भुकटी कालवताना

बादलीत आधी पाणी. १ किलो कोरड्या ग्लेझला सुरुवातीला ९०० मिलिलिटर ते १ लिटर पुरतं, कमी-जास्त नंतर करता येतं. वजनकाट्याखाली ओलं फडकं अंथरा. पिशवीचा कोपरा कापून तोंड पाण्याजवळ न्या, नाहीतर मोठ्या चमच्यानं भुकटी पाण्याच्या अगदी लगत सोडा. वरून ओतली की ढग उठतो. सगळी घातल्यावर ढवळायची घाई नको, अर्धा-पाऊण तास भिजू द्या. आपोआप खाली बसते. मग ड्रिलला पात्याचा दांडा लावून हळू वेगात फिरवा आणि ८० मेशच्या चाळणीतून गाळा.

एक गोष्ट सगळे विसरतात. रिकामी पिशवी छातीशी धरून, दाबून तिच्यातली हवा काढायची आणि घडी घालायची ही आपली सवय. त्या दाबलेल्या हवेतून उरलेली सगळी बारीक भुकटी थेट तोंडावर येते. पिशवीत आधी दोन-तीन फवारे पाणी मारा, मग गुंडाळा.

मास्कबद्दल विचारलंत. कापडी मास्क, सर्जिकल मास्क आणि उन्हाचा स्कार्फ या कामाला तिन्ही सारखेच, म्हणजे निरुपयोगी. एन ९५ किंवा आयएस ९४७३ छापलेला एफएफपी २ हवा. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा, तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे किंवा गालाकडे वारा लागला तर मास्क बसलेला नाही. कालवून झाल्यावर, टेबल पुसून, खोलीबाहेर येऊन मगच काढा, कारण हवेतली धूळ कामाबरोबर संपत नाही. दमट झाला, पट्टा सैल पडला की फेकून द्या. आठवड्यातून दोनदा तरी भुकटी कालवत असाल तर बदलत्या फिल्टरचा रबरी अर्धमुखी मास्क घ्या, पी १०० फिल्टरसह. आणि हे लक्षात असू द्या की एन ९५ भट्टीचा वायू अडवत नाही. तो धुळीसाठी आहे. ग्लेझ स्प्रेगननं मारत असाल तर हवा बाहेर ओढणारा बूथ होईपर्यंत थांबवा. बुडवून किंवा ओतूनही ग्लेझ छान बसतं.

शेंदरी पावडर, 'बी.सी.' आणि बिननावाच्या पिशव्या

मारुतीला लावायचा पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. ग्लेझच्या जुन्या कृतींत तोच असतो, नाहीतर त्याचा पिवळसर भाऊ मुरदाडशिंग. शिसं कमी आचेवर वितळतं आणि काचेला ती खोल चकाकी देतं, म्हणून कुंभारकामात शतकानुशतकं वापरलं गेलं. तुमची शेंदरी पावडर तीच आहे असं तपासल्याशिवाय म्हणता येणार नाही, पण वागायचं मात्र तीच आहे असं धरून. गेरू किंवा काव विटकरी-तांबडी असते. नारिंगीकडे झुकणारा रंग आणि आकाराच्या मानानं पिशवी विलक्षण जड, ही दोन लक्षणं जुळली तर संशय पक्का.

शिसं श्वासातून आणि तोंडातून जातं, नखांखाली राहतं, पोळीबरोबर पोटात जातं. लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शिसं शोषतं आणि नुकसान होतं ते मेंदूचं. तीन महिने वापर झाला आहे, म्हणून तुमची आणि मुलाची, दोघांचीही रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या, शिरेतून घेतलेल्या रक्ताची. दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं मार्गदर्शन आहे.

'बी.सी.' बहुधा बेरियम कार्बोनेट असावं. मॅट ग्लेझमध्ये घालतात. पांढरं, बिनवासाचं, पिठासारखं दिसतं, आणि उंदीर मारायला वापरलं जातं. पाण्यात फारसं विरघळत नाही म्हणून लोक बेफिकीर राहतात, पण पोटातल्या आम्लात ते विरघळतं, रक्तातलं पोटॅशियम खाली आणतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. त्याऐवजी स्ट्रॉन्शियम कार्बोनेट घ्या: १०० ग्रॅम बेरियमच्या जागी ७५ ग्रॅम. रंगात थोडा फरक पडेल, चाचणीच्या टिकल्या करून बघा.

यापुढे बिननावाची पिशवी घेऊच नका. व्यापाऱ्याकडे सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालाच्या धोक्यांची माहिती देणारा कागद, मागा आणि तिच्यातला सीएएस क्रमांक, म्हणजे त्या रसायनाचा ओळख क्रमांक, पिशवीवर लिहा. व्यापारी नावं गावागणिक बदलतात, हा क्रमांक बदलत नाही. गारगोटी १४८०८-६०-७, शेंदूर १३१४-४१-६, मुरदाडशिंग १३१७-३६-८, बेरियम कार्बोनेट ५१३-७७-९, मँगनीज डायऑक्साइड १३१३-१३-९. शीट द्यायला टाळाटाळ करणारा व्यापारी बदलावा, स्वस्त पडत असला तरी. शंखजिरे (टाल्क) घेताना ते ॲस्बेस्टॉसमुक्त असल्याचं लेखी मागा, कारण काही खाणींत दोन्ही एकत्र सापडतात. मँगनीजची भुकटी आणि भट्टीतला त्याचा धूर दोन्ही मज्जासंस्थेला घातक आहेत, कंपवातासारखी लक्षणं येतात. सोनेरी झाक येणारे मँगनीजचे भारी ग्लेझ घरातल्या भट्टीत करू नयेत. क्रोम, निकेल, कोबाल्ट हाताळताना नायट्रिलचे हातमोजे घाला.

उरलेली शेंदरी पावडर आणि तिचा गाळ कचरागाडीत किंवा मोरीत जाता कामा नये. आधी व्यापाऱ्याला परत घ्यायला सांगा. तो ऐकत नसेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात धोकादायक कचऱ्याची अधिकृत वाट विचारा. ती वापरून बनवलेली भांडी विकू नका, भेट देऊ नका. कपात पैसे-पेन्सिली ठेवा. भट्टीबद्दलही एक कटू गोष्ट: शिसं भाजताना त्याची वाफ होते आणि विटांवर, शेल्फवर बसते, पुढच्या घाण्यातल्या निर्दोष भांड्यांवरही येऊ शकते. शेल्फ बदला. पुढच्या एक-दोन घाण्यांतलं प्रत्येकी एक भांडं प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय खाण्यापिण्यासाठी देऊ नका.

आणि लोणच्याची बरणी? या ग्लेझमध्ये मुळीच नाही. कपात चहा दहा मिनिटं असतो. बरणीत कैरीची आंबटाई आणि मीठ वर्षभर मुक्कामाला असतं, ग्लेझची याहून कडक परीक्षा घरात दुसरी नाही. चिंच-गुळाची आमटी, ताक, कोकम यांचंही तसंच. शिशाच्या ग्लेझमध्ये हिरव्या रंगासाठी तांबं घातलं असेल तर शिसं आणखीच सुटतं. बरणीला लेडफ्री फ्रिटचा (बिनशिशाच्या काचेच्या भुकटीचा) किंवा स्टोनवेअरच्या आचेचा, पूर्ण पिकलेला, साधा पारदर्शक किंवा लोखंडी तपकिरी ग्लेझ आतून लावा, रंगीबेरंगी हौस बाहेरून करा. आतल्या ग्लेझमध्ये कॉपर कार्बोनेट नकोच.

घरी प्राथमिक चाचणी करता येते. भांड्यात पांढरं व्हिनेगर अर्ध्यापर्यंत भरा, झाकून २४ तास ठेवा, ओता, पुसून उजेडात तिरकं धरा. पातळीच्या खालचा भाग निस्तेज झाला, रंग उतरला, बोटाला खरखरीत लागला तर ग्लेझ नापास. पण इथे गफलत होते: काही बदल दिसला नाही म्हणजे शिसं नाही, असं अजिबात नाही. शिसं रंग न बदलताही सुटतं. त्यासाठी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत ४ टक्के ॲसिटिक आम्लात २४ तास ठेवून करतात ती चाचणी लागते. विक्रीच्या प्रत्येक नव्या ग्लेझची ती एकदा करून अहवाल फाइलला लावा.

भट्टी

डोळे चुरचुरतात ते मातीतल्या गंधकामुळे निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडनं. त्याच वेळी मातीतला पालापाचोळा, ग्लेझ चिकटू नये म्हणून लावलेलं मेण, कागद जळून कार्बन मोनॉक्साइडही निघतो, आणि त्याला वास नसतो. बिस्कच्या, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीच्या पहिल्या, भाजणीत साधारण ३०० ते ७०० अंशांमध्ये हे सर्वाधिक. भट्टी घराखाली असल्यानं जिना हाच तिचा धुरांडा होतो. जिन्याचं दार लावून घ्या, भट्टीच्या वरच्या बाजूला भिंतीत थेट बाहेर फेकणारा एक्झॉस्ट बसवा आणि हवा आत यायला समोर खालून वाट ठेवा. उन्हाळ्यात रात्री भट्टी लावून झोपायचा मोह होतो, तो टाळा. पहाटे चार-पाचला लावा, म्हणजे धुराचे तास तुम्ही जाग्या असताना, दारं उघडी असताना जातील. कंट्रोलरवर विसंबू नका, शेल्फवर कोन (ठरावीक आचेला वाकणारा छोटा सुळका) ठेवा आणि बंद व्हायच्या वेळी स्वतः हजर राहा.

विजेचा हिशेब सरळ आहे. ६ किलोवॉट भागिले २३० व्होल्ट म्हणजे २६ अँपिअर, तेही सलग आठ-दहा तास. गिझरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर हे चालत असेल तर आजच बंद करा. मीटरपासून वेगळी ओळ, निदान ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ३२ अँपिअरचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा), नीट अर्थिंग, आणि प्लगऐवजी आयसोलेटर, म्हणजे वीज पूर्ण तोडणारा स्विच. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्या. भट्टी भिंतीपासून दीड फूट लांब, वर सुतळी-पुठ्ठ्याचं फडताळ नको. भांडी लावताना आयसोलेटर बंद, कारण पत्र्याचा चिमटा तारेला लागला तर काय होतं ते सांगायला नको. भोकातून आत बघताना ३ ते ५ शेडची वेल्डिंगची काच वापरा, उन्हाचा गॉगल कामाचा नाही. १०० अंशांखाली आल्याशिवाय झाकण उघडू नका. शेल्फवर सांडलेलं ग्लेझ काढायला चष्मा, मास्क आणि ओला कार्बोरंडमचा दगड. हे थेंब वस्तऱ्यासारखे कापतात, बोट फिरवून बघू नका. झाकणात पांढऱ्या फायबरचं अस्तर असेल तर ते झडू लागल्यावर हात लावू नका, उत्पादकाकडून बदलून घ्या.

खोकल्यासाठी छातीविकार तज्ज्ञांकडे जा. 'मातीचं काम करते' एवढंच न सांगता 'दोन वर्षं सिलिकेच्या धुळीत बंद खोलीत काम केलंय, शिशाची भुकटी वापरली असावी' असं स्पष्ट सांगा. एक्स-रेत सिलिकोसिस आणि क्षय एकमेकांसारखे दिसू शकतात, आणि डॉक्टरांना धंदा माहीत नसेल तर चुकीची औषधं सुरू होतात. आत्ताचा एक्स-रे आणि फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, जपून ठेवा. पुढच्या वर्षांत तुलना करायला कामी येईल. दोन वर्षांत सिलिकोसिस होणं सहसा घडत नाही, खोकल्याचं कारण साधंही असू शकतं, म्हणून घाबरू नका. पण तपासणी पुढे ढकलू नका.

मुलांना मास्क आणायला सांगू नका. एन ९५ लहान चेहऱ्यावर बसत नाही, आणि ज्या खोलीत मुलांना मास्क लागतो तिथे त्यांचा वर्गच घेऊ नये. भुकटी कालवणं, शेल्फ घासणं, ग्लेझ गाळणं ही कामं गुरुवारी उरका, शुक्रवारी आणि शनिवारी खोली ओली पुसा, रविवारी फक्त ओली तयार माती. ग्लेझचे डबे त्या दिवशी कपाटात. खाऊ बाहेर, हात साबणानं धुतल्यावर. तुमच्या मुलालाही हाच नियम: रविवारी यायचं, इतर दिवशी दारातून हाक मारायची.

वर्गांत हल्ली हाताचे ठसे घेण्याची टूम आहे. त्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये मुलाचा हात कधीही बुडवू नका. प्लास्टर घट्ट होताना ६० अंशांच्या आसपास तापतं, हात आत अडकतो आणि खोल भाजतो. मातीची एक सेंटिमीटर जाडीची चपाती लाटा, हात हलका दाबून लगेच काढा, कडा स्पंजानं पुसा आणि दोन वर्तमानपत्रांमध्ये आठवडाभर सावलीत वाळू द्या. सोलापूरच्या हवेत कडा आधी वाळून वाकतात, म्हणून पहिले दोन दिवस वर प्लास्टिक सैल झाकलेलं असू द्या.